तवेवाल्या भाईंची काळी गाडी

वादात हरले की तवेवाले भाई स्वतःच टाळी वाजवायचे. एकच, पण अशी कडाडून की समोरच्या दुकानातला वाणी तराजू हातात धरून बाहेर डोकवायचा. "जिंकला तुमी! मानलं!" म्हणत समोरच्याच्या पाठीत थाप मारायची आणि त्याच दमात दुसरा वाद काढायचा. आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? अख्ख्या पौडात भाईंचं कुणाशी वाकडं नव्हतं, आणि ज्याच्याशी त्यांनी वाद घातला नाही असाही कुणी नव्हता. आमच्या चाची, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांना जेवान न्हाई दिलं तरी चालतं. कुणीतरी 'न्हाई' म्हणनारा दिला म्हंजे झालं."

नाव दस्तगीर. आमच्या घराला घर लागून, मधे फक्त कुडाचं कुंपण. सायकलचं दुकान थोरल्या मुलाच्या हवाली करून भाईंनी पुण्यातल्या एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली आणि भाड्यानं फिरवायला लागले. गाडी काळी. काळी म्हणजे अशी कुळकुळीत, की आम्ही मुली शाळेला जाताना तिच्या दारात बघून वेणीची रिबीन सारखी करायचो. भाई रोज सकाळी जुन्या मऊ धोतरानं ती पुसायचे आणि कुणी बोट लावलं की त्या बोटाचा ठसा पुन्हा पुसायचे. पण एप्रिल-मे महिन्यात बाजारतळावर उन्हात उभी राहिलेली ती गाडी म्हणजे काय प्रकरण होतं, ते त्यात बसलेल्यालाच ठाऊक! आमची आई एकदा लुगडं सावरून तिच्या सीटवर टेकली आणि "आई गं!" करून जी उठली, ती रस्त्यावरच. "दस्तगीरभाई, ही गाडी हाय का तवा? भाकरी टाकली तर फुगंल!" झालं. त्या दिवसापासून गाडीचं नाव तवा आणि भाईंचं तवेवाले भाई. भाईंना राग? छे! दुसऱ्या दिवशी स्वतःच कुणाला तरी सांगत होते, "संध्याकाळी तवा रिकामा हाय, या."

मात्र गाडी तापते ती काळ्या रंगामुळं, हे काही त्यांनी कधी मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, दोष काचांचा. "ऊन काचंतनं आत येतं आन आतच बसतं. रंगाचा काय संबंध? मान्साचा रंग बघू नये तसा गाडीचाबी बघू नये." आई कुंपणापलीकडून ओरडायची, "मंग काळ्या बुडाच्या पातेल्यात पानी बिगीनं का उकळतं ओ?" आम्ही टाळीची वाट बघत उभ्या. तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळायचा, "वैनी, पातेल्याला काचा असत्यात व्हय?" आई तोंडाला पदर लावून हसत आत जायची आणि भाई जिंकल्याच्या ऐटीत मिशीवरून हात फिरवायचे.

या तव्याचा पौडात एक रिवाज पडून गेला होता. गावातली मुलगी सासरी जायची ती तव्यातूनच. वरपक्ष गाड्या घेऊन येवो नाहीतर बैलगाड्या, नवरीला भाईच सोडणार. जात-पात, पाटील-बलुतेदार काही नाही, पौडची पोरगी एवढं पुरे. भाईंना तिघे मुलगेच, मुलगी नाही. म्हणून की काय, पण असल्या दिवशी ते पांढरी टोपी कडक इस्त्रीची घालायचे आणि गाडी अशी हळू चालवायचे की मागून येणारा एसटीचा ड्रायव्हर भोंगा वाजवून हैराण व्हायचा. वाटेत नवरीशी भांडणसुद्धा उकरून काढायचे, म्हणजे तिचं रडं थांबावं. आमच्या शेजारची सुमन तर सासरच्या दारात उतरताना "मूगडाळच चांगली!" असं ठणकावत उतरली होती. आम्हा मुलींना तवा म्हणजे सासरच्या उंबऱ्यापर्यंत सोबत येणारं माहेर वाटायचं. मी फ्रॉक घालत होते तेव्हाच भाईंनी मला सांगून ठेवलं होतं, "तुला मीच पोचवनार." मीही ते धरूनच चालले होते.

आणि माझी सोयरीक जमली भूगावात. तेव्हाचं भूगाव म्हणजे शेतं आणि गोठे, आताच्यासारखं नाही. सासरे घरंदाज शेतकरी, सगळे त्यांना आण्णा म्हणत. लग्नाच्या बैठकीला आमच्या ओसरीवर सगळं सुरळीत चाललं होतं. मानपान झालं, जेवणाचं झालं, आणि आण्णा म्हणाले, "नवरी आमच्या पांढऱ्या अँबॅसडरमधनं येनार. ती काळी गाडी नगं. एक तर शुभकार्यात काळं, त्यात भट्टी. पोरगी भाजून निघंल."

आतल्या खोलीत दाराआड उभी होते मी. दार आणखी बोटभर उघडलं. भाई ओसरीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसले होते, ते पुढं सरकले. "आण्णा, नवरीच्या गालाला काळी तीट लावता का न्हाई? मी तर अक्की गाडीच तीट करून आनली. नजर लागायची बातच नगं!" ओसरी हसली, आण्णाही हसले. "बरं, काळ्याचं सोडलं. पन उन्हाचं काय?" भाई म्हणाले, "ऊन रंगाला बगत न्हाई." आण्णा म्हणाले, "बगतंय." "न्हाई." "बगतंय!" दोघंही गुडघ्यावर आले. शेवटी ठरलं ते असं, की दोन्ही गाड्या उन्हात लावायच्या. तवा जास्त तापला नाही तर नवरी तव्यातून, तापला तर पांढऱ्या गाडीतून. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. लग्न माझं, आणि त्याचा निकाल बाजारतळावर!

ऐन दुपारी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. काचा बंद. बर्फाच्या गोळेवाल्याकडून सारखे दोन तुकडे आणून दोन परातींत ठेवले आणि एकेक परात प्रत्येक गाडीत. जिच्यातल्या बर्फाचं आधी पाणी होईल ती गाडी हरली. सगळं गाव लोटलं. जो तो काचेला नाक लावून आत बघतोय, त्यामुळं उन्हाऐवजी गाड्यांवर माणसांचीच सावली! शेवटी चाचींनी खराटा हातात घेतला तेव्हा कुठं गर्दी मागं हटली. मी मैत्रिणीच्या घराच्या ओट्यावरून बघत होते आणि मनात सारखं, थांब रे बाबा, विरघळू नकोस. कुणी बर्फाला नवस बोललं असेल तर ती मीच.

तव्यातल्या परातीत आधी पाणी झालं. पांढऱ्या गाडीत सुपारीएवढा तुकडा उरला होता. तो बघायला दार उघडेपर्यंत तोही गेला, पण होता, सगळ्यांनी बघितला होता. भाईंनी दोन्ही परातींत बोट बुडवून बघितलं. मग टाळी वाजवली. "जिंकला आण्णा! मानलं!" आण्णांच्या पाठीत थापही पडली. पण दुसरा विषय काही निघाला नाही. गाडीला टेकून ते नुसतेच उभे राहिले. ते बघून मला इतकं रडू आलं की मी तशीच घरी पळाले आणि आबांना सांगून टाकलं, "मी जाईन तर तव्यातनंच. न्हाईतर बोहल्यावर तुमीच हुबं ऱ्हावा."

"बगा, पोरीचं तोंड बगा!" आई म्हणाली. "भूगावकर ऐकतील तर काय म्हनतील?"

चाची कुंपणापलीकडं भांडी घासत होत्या. त्यांचं लक्ष आमच्या गोठ्याकडं गेलं. आमच्याकडं दर उन्हाळ्यात गोठ्याच्या पत्र्यांना वरून चुना मारायचे, पत्रा तापत नाही आणि म्हशी धापा टाकत नाहीत. चाचींनी राखेचा हात तसाच वर करून पत्र्याकडं दाखवलं. "म्हशीला जमतं ते नवरीला न्हाई जमनार?"

भाई आतून तीरासारखे बाहेर आले. पत्र्याकडं बघितलं, तव्याकडं बघितलं आणि सरळ भूगाव गाठलं. आण्णांपुढं उभे राहून म्हणाले, "हरलो ते हरलो. पन गाडीच पांढरी केली तर?" आण्णांनी एकदा उन्हाकडं बघितलं. "लग्नादिवशी उन्हात हुबी करा," ते म्हणाले, "मी सोता बसून बगतो. मंग बोलू."

लग्नाच्या आदल्या दिवशी भाईंनी तव्याला चुना मारला. टप, बॉनेट, डिकी, सगळं पांढरंफेक. दारं मात्र काळीच ठेवली. चुना पत्र्याला धरून राहावा म्हणून त्यात डिंक घालतात. आबा वाटी घेऊन गेले, तर भाई म्हणाले, "डिंक नगं! उद्याचं लगीन झालं की धुऊन टाकनार हाय. माजी पालिश जाईल ना!" चोवीस तास पांढरं व्हायला तयार, पण काळेपणावरचं प्रेम काही सुटेना. आबा म्हणाले, "भाई, आभाळाचं काय सांगावं," तर त्यावरही वाद. पाऊस येणार नाही, हे भाई आभाळाकडं न बघताच पटवून देत होते.

दुपारी लग्न लागलं. जेवणं झाली. बुंदीच्या पंगती उठल्या आणि पाठवणीची वेळ आली, तर व्याही कुठायत? आण्णांचा पत्ता नाही! मांडवात बघितलं, पाणवठ्यावर बघितलं, मारुतीच्या देवळात बघितलं. सासूबाई रडकुंडीला आल्या. शेवटी चाचींना काहीतरी घुमल्यासारखं ऐकू आलं. तवा उन्हात उभा होता, काचा दोन बोटं खाली, आणि आत मागच्या सीटवर फेटा मांडीवर घेऊन आण्णा खुशाल घोरत होते. परीक्षा घ्यायला म्हणून बसले होते!

सगळं वऱ्हाड गाडीभोवती गोळा झालं. भाईंनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि अदबीनं दार उघडलं. आण्णा दचकून उठले. "झोपलो नव्हतो. डोळं मिटून इचार करत हुतो."

"मंग काय ठरलं इचारात?" भाईंनी विचारलं.

आण्णांनी फेटा डोक्यावर चढवला, भोवतालचे हसरे चेहरे बघितले आणि स्वतःच हसायला लागले. "घाला पोरीला ह्यातच!" मला तर आनंदानं उडी मारावीशी वाटली. पाठवणीच्या वेळी दात काढणारी नवरी पौडात त्या दिवशी पहिल्यांदाच दिसली असेल. आई रडत होती आणि मधेच "आगं, जरा तरी रड!" म्हणून मला चिमटे काढत होती.

पिरंगुटचा घाट चढायला लागलो आणि आभाळ भरून आलं. वळीव कोसळला तो एकदम घागर उपडी केल्यासारखा. टपावरचा चुना निघाला, काचेवर ओघळला, वायपरनं तो आणखीच सारवला. पुढचं काही दिसेना. भाईंनी गाडी बाजूला घेतली आणि धोतराचं फडकं घेऊन पावसात उतरले. माझे नवरदेव, तोवर माझ्याशी एक शब्द न बोललेले, जरीच्या कोटासकट खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूनं काच पुसायला लागले. दोघंही चुन्यानं माखलेले. त्यातही भाईंचं चालूच, "जावईबापू, फडकं उभं मारा, आडवं न्हाई!" "उभं मारलं तर ओघळ येतोय, चाचा!" "येत न्हाई!" "येतोय!" मी आत बसून पोट धरून हसत होते. आपला नवराही वाद घालतो, म्हणजे आपलं बरं होणार, अशी खात्रीच पटली माझी.

भूगावात पोचलो तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि तवा काळ्यावर पांढरे पट्टे ओढल्यासारखा झाला होता. आमच्या आधी पांढऱ्या गाडीतून येऊन सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडी बघितली, मुलाचा कोट बघितला, आणि भाकरतुकडा ओवाळायचा राहिला बाजूला, हसू आवरेना म्हणून त्या उंबऱ्यातच बसल्या. शेजारच्या बायका, पोरं, वऱ्हाडी, सगळेच हसत सुटले. माझ्या सासरचं पहिलं दर्शन म्हणजे ते हसणारं दार.

माप ओलांडायच्या आधी मी मागं वळले. भाई गाडीच्या बॉनेटपाशी पाठमोरे उभे होते आणि खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसत होते.

"काय झालं, भाई?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. चुना गेला डोळ्यात."

आण्णा चटकन तांब्या घेऊन त्यांच्यापाशी गेले. भाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांवर मारलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "आण्णा, लई वाद घालती ही. बारक्या बारक्या गोष्टीवरनं. सांबाळून घ्या." आण्णा म्हणाले, "घालू द्या की. तुमच्या शेजारची हाय, माहीत हाय मला." मग त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी भाईंच्या ओंजळीत ओतलं. डोळे धुऊन झाले तरी पुन्हा ओतलं.

माझ्या पाठवणीत मी रडले नाही, म्हणून आई पुढं कितीतरी वर्षं मला बोलायची. पण आमच्याकडचं एक माणूस त्या दिवशी भूगावापर्यंत रडायला आलं होतं, आणि मी माप ओलांडल्यावर तेच ती पट्ट्यापट्ट्यांची गाडी घेऊन एकटं पौडला परत गेलं.