मनकर्णा आणि रस्त्याची गाणी

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५. सकाळी ढगाळ. गुडघा दुखतो. रविराज पावणेआठला नागापूरला कंपनीत गेला, राजेश्वरी नऊला बँकेत. मनकर्णा वेळेवर आली. तिचा नवरा वाल्मिक गावाहून, खर्ड्याहून आला आहे.

मनकर्णा दीड वर्षापासून माझी सोबत करते. त्याआधी मी अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा पडू नये म्हणून मुलगा-सून कामाला जाताना भिंगारच्या या घराला बाहेरून कुलूप लावत. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण दिवसभर मी दारापर्यंत जायची आणि परत यायची. मनकर्णा आली तसं दार उघडं राहू लागलं. तिचा हात धरून मी रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येऊ लागले.

आलो की मी रेकॉर्ड लावायची. बदली होऊन निघालेल्या एका मेजरसाहेबांच्या सामानातून ती ह्यांनी घेतली होती. हे छावणीत नोकरीला होते, तिथे ही रीतच. साहेब निघाले की त्यांच्या खुर्च्या, कुंड्या स्टाफच्या घरी जातात. अमेरिकन रेकॉर्ड. गिटार, बँजो, आणि सगळी गाणी रस्त्याची. ह्यांना चाल आवडायची. शब्द मला कळायचे, सिस्टरांच्या शाळेची कृपा. पोळ्या लाटताना वाटायचं, आपणही असं एकदा निघावं. पुण्यापलीकडे काही जाणं झालं नाही.

एकदा मनकर्णाने विचारलं, "बाई, काय म्हनतोय ह्यो?"

"घरात जीव रमत नाही म्हणतो. रस्ता बोलावतोय. निघालाय."

"बायको हाय का त्याला?"

"आहे. दारात उभी आहे."

"मंग तिला बी घे म्हनावं. एकट्याला कोन कामावर उभं करतंय?"

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मोजतात, तिला म्हणतात एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लग्न झाल्यापासून मनकर्णाचे वर्षातले सहा महिने रस्त्यावर आणि उसाच्या पाचटाच्या खोपटात गेले. तेव्हा रस्त्यावर गाणं कोणी का करावं, हे तिला कळेना.

आज वाल्मिक उंबऱ्याशी बसला. "मागल्या साली बहिनीला जोडीला नेलं, बाई. औंदा तिच्यानं व्हत न्हाई. टेम्पो उद्या हाय."

"मनकर्णाला विचारलंस?"

"तिला काय इचारायचं?"

"इचार की," ती आतून म्हणाली. "न्हाई म्हनले तर काय करशीन?"

"अर्धा कोयता घिऊन तुज्या नावानं रडीन."

दोघंही हसली. मला हसू आलं नाही. तो चहा पिऊन बाहेर गेल्यावर मी तिचा हात धरला. "राहा इथेच. मी रविराजशी बोलते. त्या मोळ्या वाहून मानेचं काय झालंय ते बघ जरा."

"बाई, ह्ये माज्यासाठी म्हनताय का तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी."

"मंग बरं. खोटं न्हाई बोलल्या." तिने माझा हात सोडवला नाही. "मला ऱ्हायचं हाय. पन माजं ऐकतंय कोन? आन् तुमचं तरी?"

चार वाजता ती गेली. जाताना दार नुसतं लोटून गेली. मी रेकॉर्ड लावली. तो माणूस नेहमीसारखा निघाला, पुढच्या गाण्यात डोंगर ओलांडून गेला, त्याच्या पुढच्यात नदीकाठी पोचला. दारात उभ्या राहिलेल्या बाईचं काय झालं, हे त्या रेकॉर्डवर कुठेच नाही. इतकी वर्षं ऐकून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

रात्री जेवणाआधी डायरी पुरी केली: मनकर्णा उद्या निघते हे कळल्यावर संध्याकाळी राजेश्वरीने नवीन कुलूप आणले. किल्ल्या तीन. एक तिच्याकडे, एक रविराजकडे, एक शेजारच्या चांगुणाबाईंकडे.