थंडा पिलात की हो, पाव्हणं!

परवा पुण्यात जावयाने बाटलीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "मामा, कोल्ड्रिंक घ्या." तो फुस्स आवाज ऐकताच माझा हात आपसूक मागे आला.

आमच्या किनवटकडे त्याला सोडा म्हणत. पाहुणा दारात आला की आधी सोडा, मग बोलणं. लातूरला त्याला थंडा म्हणतात. फरक तेवढाच असेल, असं मला वाटायचं.

तरुणपणी लातूरच्या एका आडत्याचा जुना टेम्पो घ्यायला गेलो होतो. माझी पहिलीच गाडी. उन्हातून चालत आल्याने घसा वाळला होता. शेठने भाव सांगितला आणि लगेच ओरडला, "थंडा आणा रे!" बर्फातली नारंगी बाटली आली, तिला लाकडाचा भुसा चिकटला होता. मी ती एका दमात संपवली.

"आता बोला शेठ, किती सोडता?"

सगळी आडत हसली. "थंडा पिलात की हो, पाव्हणं! सौदा झाला. आता काय सोडायचं?"

तिथे सौदा पटल्यावरच थंडा पितात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शब्द फिरवला असता तर त्या बाजारात पुन्हा कुणी उभं केलं नसतं. सांगितल्या भावात टेम्पो घेतला. ते हसू अजून कानातून जात नाही.

मी जावयाला म्हणालो, "आधी बोला जावईबापू, काय काम काढलंय?"

तो माझ्या मुलीकडे बघायला लागला. "तसं काही नाही मामा... जरा फ्लॅटचं बोलायचं होतं."

मी न पिताच बाटली त्याच्याकडे परत सरकवली.