इन्स्पेक्टरचा मखमली पट्टा

आपण आयुष्यभर लोकांच्या बुडाखालची सोय बघितली, असं सोफेवाले काका स्वतःच सांगायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. मधोमध लांबलचक टेबल, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि काकांच्या तोंडात कायम पाच-सहा बारीक खिळे. त्यामुळे काका बोलायचे कमी आणि हुंकार भरायचे जास्त. टेबलाखाली कातरणांचा आणि जुन्या कापसाचा एक ढीग होता. कधीतरी उपयोगी पडेल या आशेवर तो चाळीस वर्षं वाढत होता. काकूने त्याला हात लावायचा नाही, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं.

त्या ढिगावर झोपायचा इन्स्पेक्टर. हा काकांचा कुत्रा. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. दुरुस्तीला आलेली प्रत्येक खुर्ची तो आधी चहूबाजूंनी हुंगायचा आणि मगच काका तिला हात लावायचे, म्हणून हे नाव. मुलगा आणि मुलगी दोघंही परगावी. संध्याकाळी खिळे डबीत टाकले की काका मनातलं बोलायचे ते इन्स्पेक्टरशी. काकूशी का नाही? कारण काकू उत्तर द्यायची.

गाडं बिघडलं ते गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या खुर्चीवरून. नवं कापड लावून खुर्ची घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. मागोमाग बाई आल्या. घोट्यांवरचे लाल फोड दाखवून त्यांनी इतकंच सांगितलं, की विद्यार्थी सूर लावायचं सोडून पाय खाजवतात, आणि खाजवताना मात्र ताल अजिबात चुकत नाही.

काकूने बाईंना चहा पाजला, दारापर्यंत सोडलं, आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज रविवार. पुढच्या रविवारी ही खोली मी स्वतः तपासणार. एक जरी पिसू निघाली, तर इन्स्पेक्टरची बदली."

बदली म्हणजे काकूच्या भावाच्या वीटभट्टीवर. तिथे चार कुत्री दिवसभर साखळीला असायची आणि त्यातल्या एकालाही शेपूट हलवताना काकांनी पाहिलं नव्हतं. मेहुण्यालाही कधी हसताना पाहिलं नव्हतं म्हणा. साखळीला बांधलेला इन्स्पेक्टर कुणाची खुर्ची हुंगणार होता?

गल्लीत बातमी पसरायला दुपार पुरली. न्हाव्याने रॉकेल सुचवलं. समोर एक नर्सबाई राहायच्या, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी न्हाव्याला असं काही झापलं की तो कैची तशीच धरून उभा राहिला. रॉकेलने पिसवा मरतील, पण कुत्र्यासकट, असं नर्सबाईंचं म्हणणं. मग त्यांनी काकांना घरगुती उपाय सांगितला. लिंबं चिरून उकळत्या पाण्यात घालायची, सकाळपर्यंत मुरवायची, गाळून कुत्र्याच्या अंगावर हलकं शिंपडायचं, डोळे आणि जखमा सांभाळून. मांजराला मात्र लिंबू लावायचं नाही. रोज बारीक फणी फिरवायची, दर खेपेला साबणाच्या पाण्यात बुडवायची. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. आणि कुत्रा झोपतो ती जागा...

काका एव्हाना उठलेही होते. लिंबाच्या पुढचं त्यांनी काही ऐकलंच नाही, कारण त्यांच्या डोक्यात कारागीर जागा झाला होता. रोज शिंपडत काय बसायचं? माणसाने एकदाच काय ते पक्कं करावं.

त्यांनी टेप काढून इन्स्पेक्टरच्या मानेचं माप घेतलं. एका बड्या गिऱ्हाइकाच्या सोफ्यातून उरलेलं लाल मखमल होतं, त्याचा पट्टा बेतला. कडेने पाइपिंग, दुहेरी टाका, आत लिंबाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कापूस, तोही ठासून. पट्टा घालून इन्स्पेक्टर गल्लीतून निघाला तेव्हा दोन माणसं उठून उभी राहिली. औषधाच्या दुकानदाराने आपल्या दोन्ही कुत्र्यांसाठी तसेच पट्टे मागितले. न्हाव्याने मांजरीसाठी मागितला. बुधवारपर्यंत काकांनी सहा पट्टे शिवले, तेही आपल्या ढिगातलाच कापूस वापरून. ढीग उपयोगी पडला, हे त्यांनी काकूला तीनदा ऐकवलं. तिने तीनदा ऐकून घेतलं.

गुरुवारी इन्स्पेक्टर खाजवायला लागला. शुक्रवारी औषधवाल्याची कुत्री. न्हाव्याच्या मांजरीचा पट्टा नर्सबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवला आणि तो घेऊन त्या तरातरा काकांच्या दारात आल्या. काकूने पांढरी चादर अंथरली, पट्टा तिच्यावर ठेवून शिवण उसवली. लिंबाचा वास केव्हाच उडाला होता. आत ऊब होती, मऊ कापूस होता, आणि त्यात पिसवा सुखाने नांदत होत्या. काही तर चादरीवर उडी मारून परत कापसात गेल्या.

"माझ्या माहेरच्यांना या घरात कधी एवढी मऊ गादी मिळाली नाही," काकू म्हणाली.

नर्सबाईंनी रविवारी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. खरं बिऱ्हाड असतं तो झोपतो तिथे. त्यांची अंडी, पिल्लं, सगळं तिथे. असं म्हणून त्या टेबलाखाली वाकल्या आणि नुसतंच बघत राहिल्या.

काकांनी ढिगाकडे पाहिलं, मग इन्स्पेक्टरकडे. चाळीस वर्षं एकीकडे, पडलेला कान दुसरीकडे. शनिवारी सकाळी त्यांनी ढीग पोत्यांत भरला. अकरा पोती झाली. तळाशी लग्नातल्या सोफ्याचं हिरवं कापड निघालं, तेव्हा त्यांचा हात थांबला. पण तेही पोत्यात गेलं. पोती बांधून कचऱ्याच्या गाडीतून रवाना केली, जमीन गरम पाण्याने धुतली, फटी ब्रशने घासल्या, आणि घरोघर जाऊन पट्टे मान खाली घालून परत आणले आणि उकळत्या पाण्यात बुडवले. मग फणी आणि साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन ते इन्स्पेक्टरपुढे मांडी घालून बसले.

रविवारी सकाळी काकू दुकानात आली ती पायात शुभ्र मोजे घालून. काळी पिसू पांढऱ्यावर लपत नाही, ही युक्ती नर्सबाईंची. काकू भिंतीच्या कडेने चालली, टेबलाखाली पाय फिरवला, कोपऱ्यात उभी राहिली. इन्स्पेक्टर तिच्या मागोमाग, प्रत्येक पाऊल हुंगत. काका दाराच्या चौकटीला धरून उभे.

काकू खुर्चीवर बसली आणि पाय वर घेतला. घोट्यापाशी एक काळा ठिपका होता. काकांना तो दारातून दिसला.

काकूने वाकून पाहिलं. इन्स्पेक्टरने तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. तिने त्याच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ठिपक्याकडे बोट नेलं, तसा ठिपका टुणकन वर गेला. काकूने तो दोन नखांत पकडून कुट्टकन चिरडला.

"दोरा आहे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या धंद्यात उडी मारणारा दोरा काकांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

"आणि फणी आणा इकडे," काकू म्हणाली. "तुम्ही कानामागे नीट फिरवत नाही."