हात नसलेली देवी

समस्त आप्तेष्टांना गांभीर्याने कळवण्यात येते की, काल संग्रहालयात मी एका ग्रीक देवीच्या प्रेमात पडलो. दोन्ही हात तुटलेले, पण दगडाचं वस्त्र ओलं होऊन अंगाला चिकटल्यासारखं, आणि मान अशी वळलेली, जणू कोणी नुकतीच हाक मारली. आपल्याकडे मूर्तीचा टवका उडाला, तरी ती देव्हाऱ्यातून उठते. इथे मात्र लोक श्वास रोखून उभे होते.

सोबत आलेल्या ताईला मी हातवारे करून हे सौंदर्य समजावत होतो. अर्धांगवायूने तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून आमच्या घरच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसतं. मीही कधी विचारलं नाही.

ताई फटकन म्हणाली, "हिचे दोन्ही गेले तरी तू हिला बघायला धावलास. माझा एकच गेला रे!"