ओळख पटवणारे काका

अनोळखी माणसावर विश्वास न ठेवणारे लोक पुष्कळ असतात, पण रोज भेटणाऱ्या माणसाचीही रोज नव्याने खात्री करून घेणारा माणूस साऱ्या कोलकात्यात एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला काका म्हणून आला. सख्खे नव्हेत. माझे बाबा आटपाडीकडचे, बऊबाजारात सोनं गाळायचं काम करतात. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन डमडमला राहिलेले. दोघांची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा पुढे काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी मला सरळ काकांच्या हवाली केलं. ज्यांच्या घरचे इतके पोहे खाल्ले, त्यांच्याबद्दल असं लिहावं की नाही, मला नक्की कळत नाही. पण काकांबद्दल वेगळं काही लिहिताच येत नाही.

त्यांच्या दाराची बेल वाजवली की आधी भिंगावर अंधार यायचा, म्हणजे काकांचा डोळा यायचा. मग आवाज. "कोण?" "मी, काका." "मी तर मीही आहे. नाव सांग." मी नाव सांगायचो, वडिलांचं सांगायचो, गाव, तालुका सांगायचो, आणि मगच कडी निघायची. भिंगातून मी त्यांना स्वच्छ दिसत असायचो, पण दिसणं हा पुरावा काकांना मान्य नव्हता. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र त्यांनी हातात घेतलं, आणि ते खरं कशावरून हे विचारायला त्याच्या ऑफिसात फोन लावला. फोन लागेपर्यंत तो माणूस शेजारच्या तिन्ही इमारती उरकून निघून गेला. काकूंच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही जिन्यात रांगेने उभ्या राहायच्या. "अहो, दरवर्षी येतात त्या," काकू आतून म्हणायच्या. "दरवर्षी येतात म्हणूनच," काका म्हणायचे. याचा अर्थ काकूंना कधी लागला नाही, मलाही नाही.

अशा माणसाला पाण्याची फिल्टर यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीने सल्लागार नेमलं, आणि काकांनी हाताखाली मला घेतलं. कंपनीत ग्राहकांचे फोन आता एआय घेणार होता. ग्राहकाची नोंद शोधायला त्याला एक टूल दिलं होतं. ते कधी वापरायचं, आधी काय विचारायचं, सापडलेलं काय सांगायचं आणि काय नाही, हे एआयला समजेल असं लिहून द्यायचं काम आमचं. ते मालकांना पसंत पडलं, तर कॉलेज संपताच मला तिथे नोकरी मिळणार होती. ऑफिसात टेबल मिळणारा आमच्या घराण्यातला पहिला माणूस. बाबांनी ही बातमी गावी कळवूनही टाकली होती.

मी पानभर मजकूर लिहिला. काकांनी त्याला प्रस्तावना जोडली, मग व्याख्या, मग कलमं, मग उपकलमं. कागद इंग्रजीत होता, भांडण मराठीत. "काका, हे यंत्र आहे. इतकं कशाला वाचेल ते?" "माझ्या ऑफिसातले कारकून वाचत नव्हते. यंत्र वाचतं, हाच तर त्याचा फायदा." नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं समजू नये, हे एक कलम. ओळखीचे तीन पुरावे घ्यावेत, हे दुसरं. पुरावे न देता आल्यास घरातील जबाबदार व्यक्तीस फोनवर बोलावण्याची नम्र विनंती करावी, हे तिसरं. टूल नोंद कशी शोधतं याला दोन ओळी उरल्या, त्याही परिशिष्टात.

चाचणीच्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर स्वतः फोन लावला, स्पीकरवर. त्यांच्या घरचंच यंत्र, त्यांचीच नोंद. एआयने गोड बंगालीत नाव विचारलं, मग नोंदवलेला फोन नंबर. तो मालकिणीचा होता, मालकांना पाठ नव्हता. यंत्र कधी बसवलं? आठवेना. "अरे, मी मालक आहे या कंपनीचा," ते म्हणाले. एआय म्हणाला, आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे, घाई नाही, घरात कोणी जबाबदार व्यक्ती असल्यास कृपया त्यांना फोन द्यावा. खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. काका मात्र मान डोलावत होते, मुलगा बोर्डात आल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी काकांची सल्लागारी संपली. मला बोलावून मालक म्हणाले, "भाई, तुम छोटा करो." मी सगळी कलमं काढली आणि माझं एक पान ठेवलं. मालक खूष झाले, टेबल मिळालं, बाबांनी गल्लीत पेढे वाटले. काका वर्षभरात काकूंना घेऊन मुलाकडे नागपूरला गेले.

परवा तपासणी म्हणून मीच फोन लावला आणि सहज काकांचं नाव सांगितलं; त्यांच्या डमडमच्या घरीही आमचंच यंत्र होतं. एआयने क्षणात नोंद काढली. डमडमचा पत्ता, मजला, फोन नंबर, घरी दोघंच वयस्कर असल्यामुळे दुपारी यावे ही सूचना, सगळं मला वाचून दाखवलं. मी कोण, हे त्याने विचारलंच नाही. मी फोन ठेवला. मग काकांची पहिली दोन कलमं परत घातली. तिसरंही घातलं. मालकांना कळवलं. ते काय म्हणतील, अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी नागपूरला फोन करावा असं वाटलं, पण धीर झाला नाही. का कोण जाणे, मेट्रोने डमडमला गेलो, जिना चढलो आणि त्या दाराची बेल वाजवली. नाव, बाबांचं नाव, गाव, तालुका, सगळं ओठांवर तयार होतं. दार सताड उघडलं. नवीन भाडेकरूंची लहान मुलगी हसली आणि म्हणाली, "एशो काकू, भेतोरे एशो." बंगालीत काकांनाच काकू म्हणतात. या काका, आत या.

मी कोण, हे तिनेही विचारलं नाही.