चिमणाबाईच्या सोप्यातला भैरोबा

गारगोटीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. त्या गावाला चार वर्षांपूर्वी हुक्की आली, की आपल्या भैरोबाला जोतिबासारखं शिखर पाहिजे. झालं! जुनं देऊळ पाडलं, खांब उभे राहिले. पण काम होईस्तोवर देवाला ठेवायचं कुठं? देवळाला लागून घर चिमणाबाईचं, बाई एकटी, दोन म्हशींच्या दुधावर जगणारी, घराचा पुढचा सोपा रिकामा. देव तिथं बसवला. "सा म्हैन्याचा तर प्रश्न हाय, मावशी," देवस्थान कमिटीचे बाळासो म्हणाले.

सहा महिने कुठले! वर्गणीचा सगळा पैसा गावातल्याच पतसंस्थेत ठेवलेला. पतसंस्था बुडाली. गवंडी निघून गेले, खांबांवर ताडपत्री फडफडत राहिली, आणि माणसं एकमेकांच्या दारात जायची बंद झाली.

चिमणाबाईला मात्र, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. नवरा कधीच गेलेला, पोटी पोर नाही. आता सकाळी उठलं की बोलायला कुणीतरी होतं. "बघ तुझी लेकरं, देऊळ पाडून बसल्यात!" म्हणत ती त्याला आंघोळ घालायची. गावात कोण कुणाशी भांडलं ते सगळं त्याच्या कानावर. वर शिव्यासुद्धा घालायची बाई! देव बिचारा ऐकून घ्यायचा.

यंदा यात्रेच्या बैठकीत बाळासो सगळ्यांसमोर रडले. एवढा आडदांड गडी! "शिखर न्हाय तर न्हाय, नुसता स्लॅब तरी पडू दे की," म्हणाले. कुणी मान वर करेना. चिमणाबाई घरी आली. देऊळ झालं की देव जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या दिवशी ती त्याच्याशी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही म्हशी बाजारात विकल्या आणि पैसे बाळासोंच्या हातात कोंबले. तिचं बघून गाव हललं. उसाचं बिल आल्यावर बघू म्हणणाऱ्यांनीही हात सैल सोडले, आणि स्लॅब पडला.

देव न्यायच्या दिवशी हलगी वाजवत गाव तिच्या दारात आलं. बाळासो हात जोडून म्हणाले, "मावशी, तुज्यामुळं द्येव आपल्या घरी चालला."

चिमणाबाई उसळली. "आपल्या घरी? मग चार वर्सं हितं काय पावणा म्हणून ऱ्हायला हुता व्हय रं?"

हलगी थांबली. चिमणाबाईनं पदरानं भैरोबाचं तोंड पुसलं आणि सगळ्या गावासमोर ती ढसाढसा रडली.

"न्या," ती म्हणाली. "म्हशींचं काय न्हाय. पर त्या पुजाऱ्याला सांगा, सकाळी कढत पाणी घे म्हणावं. गार पाणी घालू नगा माझ्या पोराला."