बोटभर पाण्यातलं ऑर्किड

सोफेवाले मुळातच कमी बोलायचे. त्यात धंदा असा, की कापड ताणून ठोकताना बारीक खिळे ओठांतच धरावे लागत. गिऱ्हाइकाला निम्मी उत्तरं मानेनंच मिळत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहत.

एकदा पुतणीनं त्यांना ऑर्किडची कुंडी आणून दिली. यांनी कौतुकानं रोपाला रोज पाणी पाजलं आणि पानं पार लोळागोळा झाली. कुंडी टाकायला निघाले, तर वरच्या मजल्यावरची निवृत्त नर्स जिन्यात भेटली. अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची.

"अहो, जीव आहे अजून हिच्यात," म्हणत ती सरळ दुकानात शिरली. कुंडीतले झाडाच्या सालीचे ओले तुकडे झटकून मुळं धुतली, यांच्याच कात्रीनं सडकी छाटली आणि रोप काचेच्या बरणीत उभं केलं. बुडाशी बोटभर पाणी.

"पाण्यानंच मेलं ना? मग पुन्हा पाण्यातच?"

"पाण्यानं नाही, गुदमरून. टोकं तेवढी भिजू द्या, वरची मुळं हवेला मोकळी ठेवा. आणि आठवड्याला पाणी बदला."

पाणी बदलायच्या दिवशी ती खाली येऊ लागली. पाऊल वाजलं की सोफेवाले तोंडातले खिळे काढून वाटीत ठेवत. हिरवी मुळं फुटली, खिडकीत आणखी बरण्या आल्या. दोघं चहा पीत आणि रोपांबद्दलच बोलत.

एक दिवस ती बरणी पुसता पुसता म्हणाली, "मुलगी बोलावतेय, कायमचं. जाऊ ना?"

त्यांनी वाटीतला खिळा उचलला. म्हणाले, "जा की. लेकीकडे जायला कुणाला विचारायचं असतं?"

तिनं बरणी पुरती पुसली. मग बरणी जागेवर ठेवून वर गेली. महिनाअखेर वरची खोली रिकामी झाली.

तिनं का विचारलं होतं, हे त्यांना उमगलं ते ती गेल्यावर. पुढे रोपाला कळ्यांचा दांडा आला, तेव्हा त्यांनी पुतणीला गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. कारण ऐकून ती म्हणाली, "काका, बैल गेला नि झोपा केला, असं झालं हे."

"हो," ते म्हणाले, तरीही गेले.

सिस्टरच्या मांडीवर नातू पेंगत होता. लेक चहा ठेवायला आत गेली, तेव्हा त्यांनी कसंबसं विचारलं, "त्या दिवशी मी राहा म्हटलं असतं तर?"

"राहिले असते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता याला माझ्याशिवाय झोप लागत नाही."

सोफेवाल्यांनी मान हलवली. तिनं त्यांना फाटकापर्यंत सोडलं, जपून जायला सांगितलं. अधूनमधून फोन होतो. ते रोपांचं सांगतात, ती नातवाचं. मग कुणीतरी एक जण "ठेवू का?" म्हणतं.